आमचं कौतुक पुरे, आमची नोंदवही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विशेष गरजा असलेल्या लहान मुलांच्या आमच्या शाळेवर लेख आला. अर्धं पान, तीन फोटो. शाळेचं नाव इथे देत नाही; एक तर जे सांगायचंय ते त्या एका शाळेपुरतं नाही, आणि दुसरं म्हणजे विश्वस्तांना न विचारता हे पत्र पाठवते आहे. लेख लिहिणारी मुलगी गुणी होती. मुलांशी बोलताना खाली बसायची, फोटो काढण्याआधी विचारायची. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण लेखात 'तपस्या' हा शब्द तीनदा आलाय, 'निरागस' पाचदा, 'देवाघरची फुलं' एकदा. पेन्सिलने खुणा करत मोजलं. मोजायची सवय हा आमच्या कामातला जुना रोग. आम्ही मुलांना शिकवतो काय, हे मात्र अर्ध्या पानात एकदाही आलेलं नाही.

लेख छापून आल्यापासून फोन चालू आहेत. कुणाला देणगी द्यायचीय, कुणाला वाढदिवस मुलांसोबत साजरा करायचाय, एका गृहस्थांनी तर 'तुमच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटतं' म्हणून सांगितलं. प्रवेशासाठीही सात-आठ फोन आले. यातल्या एकानेही विचारलं नाही की तुमच्या शिक्षिकांचं शिक्षण काय, एकीमागे मुलं किती, एखाद्याला आकडी आली तर करता काय. मोबाइल घेताना चौघांना विचारणारी, बारीक टायपातल्या अटी वाचणारी माणसं आपलं तीन वर्षांचं न बोलणारं मूल 'फार प्रेमळ आहेत हो' एवढ्यावर सोपवायला तयार होतात. आहोतही प्रेमळ. पण नुसत्या प्रेमळपणाने काय होतं, ते माझ्याच हातून घडलेल्या एका गोष्टीवरून सांगते.

मी या कामात १९ वर्षं आहे. शाळा म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा आणि २२ मुलं, वय अडीच ते सात. काही डाऊन सिंड्रोमची, काही ऑटिझमची, काही सेरेब्रल पाल्सीची (म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसलेली), आणि काहींच्या फाइलवर अजून 'विकासात विलंब' एवढंच. आम्ही चार शिक्षिका, दोन मावशी. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोन दिवस येतात, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे हातांची आणि रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या, एक दिवस.

काही वर्षांपूर्वी माझ्या गटात एक मुलगा होता. डाऊन सिंड्रोम, साडेचार वर्षांचा, हसला की डोळे पार मिटायचे. रोजच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे मी लिहीत होते, 'ऐकत नाही.' सोमवारी 'ऐकत नाही'. बुधवारी 'आज बरं ऐकलं'. शुक्रवारी 'अजिबात ऐकत नाही, हाक मारली तरी पाठ फिरवून बसतो'. असे पाच महिने. 'सर्दी झाली की जास्त हट्टी होतो' हे वाक्यही माझ्याच अक्षरात आहे. त्याच्या आईला बोलावून मी सांगितलं, घरी लाड जरा कमी करा, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगू नका. ती मान खाली घालून 'हो टीचर' म्हणाली आणि निघाली. जिना उतरेपर्यंत तिने मुलाचा हात सोडला नव्हता, एवढं आठवतं.

पुढे आमच्या स्पीच थेरपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी एक नवीन बाई आल्या. मुलाला भेटण्याआधी त्यांनी माझी नोंदवही मागून घेतली. व्हरांड्यात उभ्या उभ्या पंधरा-वीस मिनिटं वाचली आणि एवढंच विचारलं, "याचे कान शेवटचे कधी तपासले होते?" फाइलमध्ये तो वर्षाचा असतानाचा रिपोर्ट होता, दोन्ही कान ठीक. मी तोच दाखवला. त्या म्हणाल्या, "हा साडेतीन वर्षं जुना आहे, टीचर."

तपासणीत निघालं की दोन्ही कानांत पडद्याच्या आत चिकट पाणी साठलेलं आहे. डाऊन सिंड्रोमच्या मुलांमध्ये हे नेहमीचं. कान आणि घसा जोडणारी नळी त्यांच्यात अरुंद असते, पाण्याचा निचरा नीट होत नाही. आणि हे पाणी कमीजास्त होत राहतं, म्हणून मूल एक दिवस ऐकतं, एक दिवस नाही. सर्दीत वाढतं. म्हणजे दुखण्याचं निदान माझ्या वहीत तारीखवार लिहिलेलं होतं, फक्त ते मीच वाचत नव्हते. मुलगा ऐकत नव्हता, कारण त्याला ऐकू येत नव्हतं. आपल्या भाषेत, सांगितलेलं न मानणाऱ्यालाही 'ऐकत नाही' म्हणतात आणि आवाज न पोचणाऱ्यालाही. मी पाच महिने त्यातला मला सोयीचा अर्थ धरून बसले.

डॉक्टर तीन महिने थांबले, कारण पुष्कळदा ते पाणी आपोआप ओसरतं. ओसरलं नाही, तेव्हा दोन्ही पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. ग्रॉमेट म्हणतात त्याला, तांदळाच्या दाण्याहून लहान. शाळेत परत आला त्या सकाळी तो व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून ठोकळे रचत होता. मागे मावशींनी फरशी पुसायची बादली ठेवली आणि बादलीची कडी खाली पडून किणकिणली. तो वळला. आधी बादलीकडे बघितलं, मग मावशींकडे, मग उठून गेला आणि कडी उचलून पुन्हा सोडली. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. मावशी फडकं हातात धरून उभ्याच. तासभर फरशी पुसली गेली नाही.

त्याच्या आईची मी माफी मागितली. ती म्हणाली, "असं काय बोलता टीचर, तुम्ही एवढं करता मुलांसाठी."

संपादक महाशय, माझं दुखणं नेमकं इथे आहे. 'एवढं करता' या दोन शब्दांखाली माझी पाच महिन्यांची चूक गडप झाली. कुणी जाब विचारला नाही. विश्वस्तांनी नाही, वडिलांनी नाही. साडेचार वर्षांच्या मुलाचे पाच महिने म्हणजे काही थोडे नव्हेत. भाषा रुजण्याचं ते वय. आणि आता आपल्या पुरवणीने 'एवढं करता'चं 'तपस्या' केलं. तपस्येला कोण विचारणार, गेल्या महिन्यात काय शिकवलं म्हणून?

ती चूक सापडली ती कुणाच्या अंतर्ज्ञानाने नाही, वहीमुळे सापडली. वाईट नोंदी होत्या, पण होत्या. त्यानंतर मी 'ऐकत नाही', 'मूड नाही', 'हट्टी' हे शब्द आमच्या वहीतून हद्दपार केले. आता तीन रकाने असतात: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. 'चिडला' लिहायचं नाही. 'पंखा लावला, कानांवर हात ठेवले, टेबलाखाली गेला, पंखा बंद केल्यावर दोन मिनिटांत बाहेर आला' असं लिहायचं. नव्या शिक्षिका पहिल्या महिन्यात कंटाळतात. मग कधीतरी त्यांनाच त्या रकान्यांतून एखादा पंखा सापडतो.

आमच्या व्यवसायाची सुरुवातच अशा वहीतून झालेली आहे. १८०० साली फ्रान्समधल्या आव्हेरों भागात जंगलात एकटा वाढलेला, अकरा-बारा वर्षांचा, न बोलणारा मुलगा सापडला. पॅरिसमधल्या जाणत्या डॉक्टरांनी तो सुधारण्यापलीकडचा ठरवला. तिथल्या मूकबधिरांच्या संस्थेत झाँ इतार नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता, त्याने मुलाला हाती घेतलं आणि नाव ठेवलं व्हिक्टर. सुमारे पाच वर्षं शिकवलं. व्हिक्टर बोलायला शिकलाच नाही म्हटलं तरी चालेल. पण इतारने जमलं तेही लिहून ठेवलं आणि फसलं तेही. त्यातली एक नोंद मी प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगते. व्हिक्टर दूध पाहिल्यावर फ्रेंचमधला 'दूध' हा शब्द कसाबसा उच्चारू लागला. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. इतारने मात्र टिपलं की शब्द येतो तो दूध भांड्यात पडल्यावर, आधी नाही. म्हणजे मुलगा दूध मागत नाहीये, दूध मिळाल्याचा आनंद बोलून दाखवतोय. शब्द आला, पण शब्दाचा उपयोग अजून कळलेला नाही. एवढी बारीक आणि एवढी प्रामाणिक नोंद सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक तरुण करून गेला, आणि आम्ही अजून 'संवाद कौशल्यात सुधारणा' लिहून सही ठोकतो.

त्या गोष्टीत मादाम गेराँ नावाची एक बाई आहे. व्हिक्टरचं खाणंपिणं, आंघोळ, फिरायला नेणं, सगळं तिच्याकडे. इतारचे प्रयोग संपले, तो पुढच्या कामांकडे वळला; व्हिक्टर १८२८ साली वारला तो तिच्याच घरी. तिच्या नावाने कुठली शिक्षणपद्धती नाही. आमच्या दोन मावशींचाही आपल्या लेखात उल्लेख नाही, फोटोच्या कडेला एकीचा पदर तेवढा आलाय. आमच्या शाळेतली निम्मी मुलं शू सांगायला शिकली ती मावशींमुळे. कुठलं मूल किती वेळाने जातं आणि जाण्याआधी कसं पाय घासतं, हे वहीत त्याच सांगतात, लिहून मी घेते.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. लेखातल्या दुसऱ्या फोटोखाली 'साध्या बालवाडीतली खेळणीच इथे जादू करतात' अशी ओळ आहे. फोटोत लाकडी दंडगोल आहेत, मुठीचे, कमी होत जाणाऱ्या मापांचे. गोष्ट उलटी आहे. इतारचा शिष्य एदुआर सेगाँ याने १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांसाठी छोटी खासगी शाळा काढली, म्हणजे आमच्यासारख्यांची ती आजीच. हाताने, स्पर्शाने, मापाने शिकवायची साधनं त्याने तिथे घडवली. इटलीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी इतार आणि सेगाँ यांचं लिखाण स्वतःच्या हाताने उतरवून काढलं, आधी अशाच मुलांबरोबर काम केलं, आणि मग १९०७ साली रोममध्ये आपलं बालघर सुरू केलं. तेव्हा खेळणी आमच्याकडून बालवाडीत गेलेली आहेत. परत केली नाहीत तरी चालेल, पण श्रेय द्या.

आता तिसरा फोटो. निघताना आपल्या वार्ताहरांना एका मुलाने 'स्वतः बनवलेलं' शुभेच्छापत्र दिलं, तो. मला तो बघवत नाही. त्या पत्रावरच्या फुलाच्या सहा पाकळ्या म्हणजे मुलाच्या अंगठ्याचे ठसे आहेत. देठ, पानं, चमकी, सुंदर अक्षरातलं 'धन्यवाद', सगळं आमच्या एका शिक्षिकेने आदल्या संध्याकाळी बसून केलं. आणि ते सहा ठसे? मुलाला ओला रंग बोटाला लागलेला सहन होत नाही. सहा वेळा त्याचा अंगठा धरून रंगात बुडवला आणि कागदावर दाबला. फोटोत त्याचं तोंड बाजूला वळलेलं आहे. खाली लिहिलंय, 'लाजरा कलाकार'. तो लाजरा नाही. त्याला तिथून निघायचं होतं.

पाहुणे येणार म्हटलं की आमच्यासारख्या प्रत्येक छोट्या शाळेत असली शुभेच्छापत्रं तयार होतात. देणगीदाराला काहीतरी हातात द्यावं लागतं. मी १९ वर्षांत शेकडो केली असतील. पण मुलाचा हात धरून केलेलं काम मुलाचं म्हणून दाखवायची सवय कुठवर जाते, त्याचा एक मोठा दाखला आमच्या क्षेत्रात आहे. न बोलणाऱ्या मुलांचा हात किंवा मनगट धरून त्यांना कळफलकावर अक्षरं दाबायला मदत करायची अशी एक पद्धत १९९० च्या आसपास फार गाजली. मुलं अचानक पानंच्या पानं लिहू लागली, कविता करू लागली. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं आणि हात धरणाऱ्याला दुसरं, तर कळफलकावर उमटलं ते हात धरणाऱ्याने बघितलेलं. त्या बायका-पुरुषांनी फसवणूक केली असं मी म्हणणार नाही. त्यांना खरोखर वाटत होतं की मूल लिहितंय. आपला हात आपल्याला कळत नाही. म्हणून तर बाहेरच्याने तपासायला हवं.

वार्ताहर व्हरांड्यात शुभेच्छापत्र घेत होत्या त्याच वेळी मधल्या खोलीत जे चाललं होतं ते त्यांनी बघायला हवं होतं. साडेतीन वर्षांची मुलगी, एकही शब्द नाही, हवं ते मिळालं नाही की स्वतःच्या मनगटाला चावते. तिला साबणाचे फुगे जीव की प्राण. समोर एक शिक्षिका फुग्यांची बाटली घेऊन, मुलीच्या मागे दुसरी, आणि मधे जमिनीवर फुग्यांच्या चित्राचं एक कार्ड. समोरचीने फुगे दाखवायचे आणि गप्प बसायचं. 'काय हवंय बाळा?' हा प्रश्न पहिल्या टप्प्यात विचारायचाच नाही, कारण विचारलं की मूल प्रश्नाची वाट बघायला शिकतं. मुलगी फुग्यांकडे हात नेते, त्या क्षणी मागचीने एक अक्षर न बोलता तिचा हात कार्डाकडे वळवायचा, कार्ड उचलून समोरच्या तळहातावर ठेवायला लावायचं. कार्ड पडताक्षणी 'फुगे!' आणि फुगे. बस, एवढंच. पुन्हा. पुन्हा. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत बसवलेली ही पद्धत. इतारचं कोडंच त्यात सोडवलंय म्हणा ना: आधी मागणं, मग मिळणं.

इथेही हात धरलेलाच असतो. फरक एवढाच की तो कधी आणि किती सोडला, हे प्रत्येक वेळी लिहायचं असतं. मनगट, मग कोपर, मग नुसता खांद्याला स्पर्श, मग काही नाही. तिच्या वहीत अकरा दिवसांच्या नोंदी आहेत. बाराव्या दिवशी, म्हणजे आपल्या वार्ताहर आल्या त्या दिवशी, मागच्या शिक्षिकेचा हात पुढे यायच्या आत तिने कार्ड उचललं आणि समोरच्या हातात कोंबलं. कोंबलं म्हणजे अक्षरशः कोंबलं, कोपरा दुमडला. त्या दिवशी तिने पुढे आणखी नऊ वेळा कार्ड दिलं आणि मनगट एकदाही चावलं नाही. याला तपस्या म्हणायचं असेल तर म्हणा. आम्ही त्याला तास म्हणतो.

'लाड कमी करा' हे माझं वाक्यही आईला दोष देण्याच्या एका मोठ्या परंपरेतलं आहे, ते मला नंतर कळलं. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली, आणि त्यानंतर दोन-तीन दशकं जाणती मंडळी सांगत राहिली की आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं. आयांनी ते खरं मानून आयुष्य काढलं. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलर यांनी उलट केलं, आईबापांना वर्गात आणून शिक्षकांच्या बरोबरीने कामाला लावलं. आम्ही मात्र त्यांना अजून दारात थांबवतो. 'मुलं डिस्टर्ब होतात' हे आमचं ठरलेलं उत्तर. खरं तर डिस्टर्ब आम्ही होतो.

म्हणून प्रवेशासाठी ज्यांचे फोन येतायत त्यांना आपल्या मार्फत सांगायचंय: शाळा बघायला याल तेव्हा भिंतीवरची चित्रं बघू नका. आधी विचारा, न कळवता कधीही येऊन बसलं तर चालेल का. उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा. मुलाचा वैयक्तिक आराखडा मागा, म्हणजे त्याला काय आणि किती दिवसांत शिकवणार ते. आम्ही त्याला आयईपी म्हणतो. त्यात 'स्वावलंबन वाढेल' असं लिहिलेलं असेल तर परत द्या. 'चड्डी गुडघ्यापर्यंत वर ओढून दिली की पुढे कमरेपर्यंत स्वतः ओढेल, पाचपैकी चार वेळा, दोन महिन्यांत' असं असेल तर त्या बाईला काम येतं. (शेवटची पायरी आधी शिकवायची, कारण काम पुरं झाल्याचा आनंद तिथे असतो. आम्ही उलटं शिकवतो म्हणून सासवा हसतात.) आकडी आल्यावर काय करता, हे शिक्षिकेला नको, मावशींना विचारा. कुशीवर वळवतो, तोंडात काही घालत नाही, दाबून धरत नाही, घड्याळ बघतो, पाच मिनिटांच्या वर गेलं तर रुग्णवाहिका बोलावतो, हे त्यांना न अडखळता सांगता आलं पाहिजे.

आणि खुर्च्यांचे पट्टे बघा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला कमरेला पट्टा लागतो. तो लावला, पावलं फळीवर टेकली की धड स्थिर होतं आणि हात मोकळे होतात, मग तो रंगवतो, मणी ओवतो. तसाच पट्टा धावणाऱ्या मुलाला उठता येऊ नये म्हणूनही लावता येतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. विचारा, हा कुणी लावायला सांगितला आणि दिवसातून किती वेळ. तीन महिन्यांत बोलायला लावू, ऑटिझम बरा करू, असं जिथे ऐकाल तिथून चहासुद्धा न घेता उठा.

हे सगळं आमच्याकडे नीट आहे का? नाही. गेल्या वर्षी एक शिक्षिका सोडून गेली आणि तिच्या पाच मुलांच्या वह्या दोन महिने कोऱ्या राहिल्या. ती गेली कारण पगार पुरत नव्हता. छोट्या खासगी शाळेत हे कायमचं. एक माणूस गेलं की वर्गच जातो. विश्वस्त भले आहेत, पण 'सेवा', 'तपस्या' हे शब्द छापून आले की पगारवाढीचा अर्ज पुढच्या बैठकीवर जातो, असा माझा अनुभव आहे. तपस्व्याला घरभाडं नसतं अशी त्यांची समजूत असावी. आपला लेख त्यांनी फ्रेम करून कार्यालयात लावलाय. माझा अर्ज त्याच कार्यालयात, त्याच भिंतीखालच्या खणात आहे.

लेखाच्या शेवटी 'ही मुलं या मायेच्या छत्राखाली अशीच सुरक्षित राहोत' अशी सदिच्छा आहे. ती आम्हाला लागू नाही. आमच्याकडे मूल सातव्या वर्षापर्यंत असतं, राहायला येत नाही, जायला येतं. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी मान्य केलं की शक्य तिथवर सगळी मुलं नेहमीच्याच शाळेत शिकावीत. माझ्या काही मैत्रिणींना हे आमच्या पोटावर पाय वाटतं. मला नाही वाटत. गेल्या वर्षी पाच मुलं नेहमीच्या शाळेत गेली. त्यातला एक चार महिन्यांनी परत आला, कारण तिथे त्याला रोज वर्गाबाहेर बसवत होते. दोष त्या शाळेचा आहेच. पण जाण्याआधी तिथल्या बाईंना आम्ही त्याची वही दाखवली नव्हती, फक्त प्रगतिपुस्तक पाठवलं होतं. छान सजवलेलं.

वार्ताहरांना पुन्हा पाठवा, ही विनंती. कुठल्याही साध्या मंगळवारी, साडेनऊला, न कळवता. मधल्या खोलीत कोपऱ्यात एक बुटकी खुर्ची ठेवते, तीत बसावं लागेल. मुलांना उंच माणसं चालत नाहीत. त्या 'ऐकत नाही'च्या पाच महिन्यांची वहीही काढून ठेवली आहे, हवी तर छापा, मुलाचं नाव तेवढं झाका. चहा मिळेल. शुभेच्छापत्र मिळणार नाही.

आपली,
एक विशेष शिक्षिका
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)